मोतीबिंदू, औषध आणि मोजपट्टी



मी डॉक्टर नाही. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, करार आणि निवाडे वाचता वाचता झाले. तेव्हा मोतीबिंदूवर बोलण्याचा मला अधिकार काय, असे कोणी विचारील. अधिकार एवढाच की, आमच्या भट्टीखात्यातील एका जुन्या सभासदाचा डोळा माझ्यादेखत गेला.

तापलेल्या काचेकडे वा लोखंडाकडे वर्षानुवर्षे पाहणाऱ्याला मोतीबिंदू होऊ शकतो. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात त्याला व्यवसायजन्य रोग म्हणून जागा मिळाली. आमच्या या गृहस्थांचे वयही साठीकडे झुकलेले. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली, पण ते भ्याले. कोणीतरी ‘मोतीबिंदू विरघळविणारे’ थेंब दिले. काही महिन्यांनी ते हसतमुखाने कचेरीत आले आणि चष्म्यावाचून वर्तमानपत्र वाचून दाखवू लागले! आम्ही सारे थक्क झालो.

पुढे एका नेत्रवैद्यांनी मला याचे मर्म सांगितले. डोळ्यातील भिंगाचा गाभा दाट होऊ लागला की त्याची प्रकाश वळविण्याची शक्ती वाढते. त्यामुळे चाळिशी लागलेल्याला काही काळ चष्म्याविना जवळचे वाचता येते. दूरचे मात्र अंधुक होत जाते. म्हणजे ज्याला आम्ही औषधाचा गुण समजलो, ती रोगाची वाढ होती.

मग रोग वाढला की थांबला, हे ठरवावयाचे कसे? येथे मला आमचा महागाई निर्देशांक आठवतो. बाजारात महागाई किती, याबद्दल मालकाचे मत एक, कामगाराचे दुसरे. म्हणून दोघांना मान्य अशी मोजपट्टी लागते. मोतीबिंदूसाठी अशी एक पट्टी १९९३ साली प्रसिद्ध झाली. तीत प्रमाण-छायाचित्रे आहेत : गाभ्याच्या धूसरपणाची व रंगाची सहा, भिंगाच्या बाहेरच्या थराची पाच आणि मागच्या पडद्यालगतच्या डागाची पाच. बाहुली मोठी करून, स्लिट-लँपच्या बारीक प्रकाशपट्ट्यात रुग्णाचे भिंग पाहावयाचे आणि त्या चित्रांशी ताडून दशांशात गुण द्यावयाचे. रुग्णाला काय वाटते, यावर ते गुण अवलंबून नसतात.

पण पट्टीही तपासावी लागते. १९६३ साली मुंबईच्या निर्देशांकावर कामगारांनी आक्षेप घेतला, तेव्हा लकडावाला समितीला ते आकडे पुन्हा तपासावे लागले. तसेच येथे. दोन परीक्षकांचे गुण जुळतात का, हे पाहावे लागते. कोणाला औषध आणि कोणाला नुसती निरुपद्रवी गोळी, हे परीक्षकाला ठाऊक असता कामा नये. शिवाय मोतीबिंदू सावकाश वाढतो. सहा महिन्यांच्या निकालावरून काहीच सिद्ध होत नाही.

या कसोट्या लावून काय दिसले? अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेच्या पाहणीत ४,६२९ माणसांवर सरासरी सहा वर्षांहून अधिक काळ लक्ष ठेवले गेले. निकाल २००१ साली आला. ‘क’ व ‘ई’ जीवनसत्त्वे आणि बीटा-कॅरोटीन भरपूर मात्रेत देऊनही मोतीबिंदू रोखला गेला नाही. दक्षिण भारतात ७९८ जणांवर पाच वर्षे असाच प्रयोग झाला. २००६ सालचा त्याचा निष्कर्षही तोच. २०१५ साली लॅनोस्टेरॉल नावाच्या द्रव्याने कुत्र्यांच्या भिंगांतील धूसरपणा कमी झाल्याची वार्ता आली आणि आशा पालवल्या. परंतु शस्त्रक्रियेत काढलेले माणसाच्या भिंगांचे गाभे त्या द्रव्यात ठेवून पाहिले, तेव्हा ते स्वच्छ झाले नाहीत. संशोधन चालू आहे आणि चालू राहावेही. तथापि आज तरी मोतीबिंदू घालविण्याचा सिद्ध उपाय एकच : गढूळ भिंग काढून कृत्रिम भिंग बसविणे.

आमचे सभासद दोन वर्षे थेंब घालीत राहिले. मोतीबिंदू अतिशय पिकला, डोळ्यात दाब चढला आणि दृष्टीची नस दुखावली. नंतर शस्त्रक्रिया झाली, पण त्या डोळ्याची गेलेली नजर परत आली नाही. पगारातले पैसे गेले ते वेगळेच.

मालक जेव्हा म्हणतो, ‘कारखान्याला तोटा आहे’, तेव्हा आपण ताळेबंद मागतो. बाटलीवरचे लेबल जेव्हा म्हणते, ‘गुण हमखास’, तेव्हाही तेच करा. विचारा : किती माणसांवर पाहिले, किती वर्षे, कोणत्या मापाने आणि कोणाशी तुलना करून? उत्तर मिळेपर्यंत पैसा खिशात ठेवा आणि डोळा डॉक्टरांना दाखवा.