स्क्रू आधी मेंढीच्या पाठीत

परवा पारनेरकडचे एक मेंढपाळ आजोबा दवाखान्यात आले. मणका सरकल्यामुळे त्यांना स्क्रू घालण्याची शस्त्रक्रिया सांगितली होती. "डॉक्टर, हे आधी कुणाच्या पाठीत घालून पाहिलंय का?" मी म्हणालो, "मेंढरांच्या." त्यांना थट्टा वाटली, पण ते खरे आहे.

असे नवे साहित्य पुष्कळदा मेंढीत बसवून पाहतात. उंदराच्या मणक्यात माणसाच्या मापाचा स्क्रू मावणार कसा? मेंढीचे मणके आकाराने आपल्याशी बरेच जुळतात. ती चार पायांवर चालत असली, तरी पाठीचे स्नायू कणा ताणून धरतात. त्यामुळे मणक्यांवर आपल्यासारखाच उभा दाब येतो. काही महिन्यांनी स्क्रू ढिला झाला का, हाड जुळले का, हे पाहतात. आपल्याकडे अशा प्रयोगांना १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालील समितीची परवानगी लागते.

मात्र मेंढीचे हाड आपल्यापेक्षा घट्ट असते. आजोबा सत्तरीचे, हाडे ठिसूळ. मेंढीत टिकलेला स्क्रू त्यांच्यात टिकेलच असे नाही. म्हणून शस्त्रक्रियेआधी हाडांची घनता तपासायला सांगितली. विडीने हाड जुळायला अडथळा येतो, तीही सोडा म्हटले. तेवढे ऐकून आजोबांनी काठी उचलली.