माळावरची घोडेस्वारी: विहीर, शेततळं आणि रिकिबीत अडकलेला पाय

ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. विषय आहे घोडा. वरातीतला नाही, आपल्या बालाघाटच्या माळावरून, पांदीतून, नदीकाठाने रपेट मारायचा घोडा.

बीडला घोडा नवा नाही. १० ऑगस्ट १७६३ रोजी गेवराई तालुक्यातल्या राक्षसभुवनला, गोदाकाठी, पेशव्यांच्या फौजेने निजामाच्या फौजेला हरवलं. त्यातला मोठा भाग घोडदळाचा होता. आजही धनगरांच्या वाड्याबरोबर बिऱ्हाड वाहणारी तट्टं रस्त्याने दिसतात. दख्खनच्या या काटक घोड्याला भीमथडी म्हणतात आणि केंद्राच्या पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंदही केली आहे. म्हणजे ज्याला आपण ‘साधं तट्टू’ म्हणत होतो त्याला आता कागदावर नाव आहे. त्यात हौसेने घोडा पाळणारी तरुण पोरंही वाढलीत. पण त्यांच्यासाठी सुरक्षेचं जे काही सापडतं ते बहुतेक परदेशातल्या जंगलवाटांचं. तिथे अस्वलापासून कसं वाचायचं ते सांगतात. आपल्याकडे अस्वल सोडा, खरा धोका आहे बिनकठड्याची विहीर.

माळावरून घोडा पळवताना समोर गवत दिसतं, विहीर दिसत नाही. पावसाळ्यानंतर तर काठापर्यंत गवत वाढलेलं असतं. आणि घोड्याच्या नजरेवर फार विसंबू नका. त्याला जवळजवळ चहूबाजूंनी दिसतं, पण कपाळाच्या अगदी पुढचं आणि शेपटीच्या मागचं दिसत नाही. मान वर ओढून धरली की पायाजवळचंही नीट दिसत नाही. म्हणून नियम एकच: जी वाट आधी पायी किंवा चालीने पाहिली नाही, तिथे घोडा भरधाव सोडायचा नाही. दर पावसाळ्यानंतर ती वाट पुन्हा पाहायची.

दुसरं शेततळं. २०१६ ला ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली आणि दुष्काळी तालुक्यांत तळी वाढली. शेतकऱ्याला त्याचा आधार आहे, त्याबद्दल वाद नाही. पण प्लॅस्टिक अंथरलेलं तळं जनावरासाठी सापळा आहे. पाणी प्यायला घोडा उतरतो, खूर घसरतो, आत जातो. पोहतो चांगला, पण बाहेर येता येत नाही, कारण ओल्या प्लॅस्टिकवर नालेला पकड मिळत नाही. दमला की बुडतो. आणि त्याला वाचवायला उडी मारलेला माणूसही त्याच उतारावर अडकतो.

असं झालंच तर काय करायचं? आधी, उडी मारायची नाही. काठावर पोटावर झोपून म्होरकीला दोर अडकवा आणि घोड्याचं तोंड फक्त पाण्यावर ठेवा. मानेला फास टाकून ओढू नका, गुदमरून मरेल. एकाने ११२ ला फोन लावायचा, दुसऱ्याने जेसीबीवाल्याला. जवळ काहीच नसेल तर कमी उताराच्या कोपऱ्यात पोती, जुनं जाळं, शिडी, जे मिळेल ते अंथरून घोड्याला तिकडे वळवा. शेतकऱ्याचं प्लॅस्टिक फाटेल, ते भरून द्या. जेसीबीने उचलायची वेळ आली तर रुंद पट्टे छातीखालून आणि पोटाखालून घ्यावे लागतात. बारीक दोर किंवा साखळी लावली तर कातडी सोलून निघते.

आता स्वाराकडे येऊ. पडणं हे घोडेस्वारीत ठरलेलंच आहे. जीव जातो तो बहुतेकदा डोक्याला मार लागून किंवा पाय रिकिबीत अडकून फरफटत गेल्यामुळे. आपल्याकडे पोरं चप्पल घालून खोगिरावर बसतात. चप्पल रिकिबीतून आरपार सरकते आणि घोटा अडकतो. थोडी टाच असलेला बूट पाहिजे, कारण टाच पायाला पुढे सरकू देत नाही. रिकीब बुटापेक्षा साधारण एक इंच रुंद हवी. पाऊल पूर्ण आत घालायचं नाही, चवड्याचा रुंद भागच टेकवायचा, टाच खाली. स्पोर्ट्स शूज चालतील का, असं बरेच जण विचारतात. चपलेपेक्षा बरे, पण सपाट आणि जाड तळाचे अडकतात.

आणि लगाम मनगटाला गुंडाळायचा नाही, कमरेला तर अजिबात नाही. फोटोत रुबाबदार दिसतं, पण घोडा उधळला की हात खांद्यातून निखळतो.

हेल्मेट? घोडेस्वारीचं वेगळं मिळतं, त्यावर एएसटीएम एफ ११६३ सारखं मानक छापलेलं असतं. मोटरसायकलचं हेल्मेट त्यासाठी बनवलेलं नाही. जड असतं, ऐकूही कमी येतं. तरी उघड्या डोक्यापेक्षा ते घाला, असंच मी म्हणेन. फेटा म्हणजे हेल्मेट नव्हे.

घोडा उधळला तर दोन्ही लगाम जीव तोडून ओढू नका, तो तोंड वर करून आणखी पळतो. एकाच बाजूचा लगाम हळूहळू गुडघ्याकडे घेत मोठं वर्तुळ काढा आणि ते लहान करत या. झटका दिलात किंवा उतारावर हे केलंत तर घोडा आडवा पडतो, तुम्ही खाली. हे घरच्या मोकळ्या रानात चालीवर आधी शिकून घ्या.

ऊसतोडीच्या हंगामात डांबरी रस्ता शक्यतो टाळाच. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, मोळ्या बाहेर लोंबलेल्या, वर मोठ्याने गाणी. लांबून आवाज आला की रस्त्यातून खाली उतरा आणि घोड्याचं तोंड आवाजाकडे करा. मागून आलेला आवाज त्याला जास्त घाबरवतो. डांबरावर नाल घसरते, त्यामुळे तिथे रीलसाठी पळवणं म्हणजे गुडघे फोडून घेणं. धनगराच्या वाड्याजवळून जाताना लांबूनच “ओ पाव्हणं, कुत्री धरा” अशी हाक द्या.

मोबाइलचं सांगतो. फोन खोगिराच्या पिशवीत नाही, अंगावरच्या खिशात. घोडा पळाला तर फोनही पळतो! निघताना घरी व्हॉट्सॲपवर आठ तासांचं लाइव्ह लोकेशन पाठवा. सौताड्याच्या दरीसारख्या ठिकाणी रेंज जाऊ शकते, म्हणून परतायची वेळही सांगून ठेवा. इअरफोन घरीच. एप्रिल-मे आणि परतीच्या पावसात ‘दामिनी’ ॲप उघडून बघा, जवळपास वीज पडतेय का ते कळतं. ढग गडगडले की घोड्यावरून उतरा, एकट्या झाडापासून आणि तारेच्या कुंपणापासून लांब व्हा, पक्कं घर जवळ असेल तर आत जा.

ऊन तर आपल्याकडे आहेच. सामान वाहणाऱ्या जनावरांसाठी १९६५ चे केंद्राचे नियम आहेत: पारा ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी १२ ते ३ काम नाही, दिवसात ९ तासांपेक्षा जास्त नाही, सलग ५ तासांपेक्षा जास्त नाही. हौसेच्या रपेटीलाही हाच हिशोब लावा. वजनाचा अंदाजही ठेवा: खोगिरासकट स्वार घोड्याच्या वजनाच्या साधारण पाचव्या भागापर्यंत. ३०० किलोच्या तट्टावर ६० किलो. ८५ किलोचे दादा, तुम्ही मोठा घोडा बघा.

पडलेल्या माणसाची मान दुखत असेल किंवा तो क्षणभर जरी बेशुद्ध झाला असेल तर त्याला उठवून बसवू नका, पाणी पाजू नका, १०८ लावा. जखम झाली तर धनुर्वाताचं इंजेक्शन घ्याच. घोड्यालाही द्या, या रोगाला तो फार नाजूक आहे.

शेवटी बाजाराची गोष्ट. मार्गशीर्षात नांदेड जिल्ह्यातली माळेगावची खंडोबाची जत्रा आणि तापीकाठी सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा, दोन्हीकडे घोड्यांचा मोठा बाजार भरतो. जाणार असाल तर ग्लँडर्सची रक्ततपासणी आधी करून घ्या. नाकातून घट्ट स्राव, पायावर गाठी आणि फुटलेल्या जखमा ही त्याची लक्षणं. माणसालाही होतो, घोड्यांसाठी लस नाही, आणि रोग पक्का निघाला तर कायद्याने घोड्याला मारावं लागतं. सामाईक हौदातून तो पसरतो, म्हणून आपली बादली आणि आपला तोबरा बरोबर न्या. तपासणीसाठी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा, आणि जनावर आजारी पडलं तर पशुवैद्यकीय मदतीचा नंबर आहे १९६२. निकाल यायला दिवस लागतात, त्यामुळे यात्रेच्या आदल्या आठवड्यात धावपळ करू नका, दिवाळी झाली की लगेच नमुना द्या.