पंखा तुझा, गिझर माझा, बिल कुणाचं?



तुमच्यापैकी कुणाचा दादा किंवा कुणाची ताई शिकायला पुण्या-मुंबईला राहते का? चार-पाच जण मिळून जागा घेतात, भाडं वाटून घेतात, तसं? राहत असेल तर पुढच्या सुट्टीत हळूच विचारा, "तुमच्या खोलीत भांडण कशावरून होतं?" झाडू कुणी मारायचा, दूध कुणी संपवलं, ही उत्तरं तर येतीलच. पण डिसेंबर-जानेवारीत विचारलंत तर एक उत्तर सगळ्यांच्या आधी येईल. लाइटबिल!

थंड देशांत हिवाळ्यात अख्खं घर तापवावं लागतं. तिथे एकत्र राहणाऱ्यांची भांडणं घर किती तापवायचं यावरून होतात. आपल्याकडे घर कुणी तापवत नाही. आपण शाल घेतो, खिडकी लावतो आणि भागवतो. आपण तापवतो ते अंघोळीचं पाणी. म्हणून आपलं भांडण गिझरपाशी सुरू होतं.

पूर्वी ते बंबापाशी सुरू व्हायचं, बरं का! तांब्याचा बंब तुम्ही आजोळी पाहिला असेल. मधल्या नळीत लाकडं किंवा गोवऱ्या, भोवती पाणी. नियम साधा होता. जेवढं गरम पाणी काढलं, तेवढं गार पाणी वरून ओतायचं. न ओतता कुणी पसार झालं की मागून येणारा ओरडायचा. तिथे निदान चोर लगेच सापडायचा. विजेचं तसं नाही. ती भिंतीतून गुपचूप येते, आणि महिन्याने सगळ्यांच्या मिळून एकच कागद दारात येऊन पडतो.

समजा, पुण्याच्या सदाशिव पेठेत चार मुलं एकत्र राहताहेत. नावं कशाला हवीत, त्यांना गावावरूनच हाक मारू. रत्नागिरीकराला कडाक्याची थंडी ठाऊक नाही. त्याला सकाळी गरम पाणी लागतं आणि संध्याकाळी कॉलेजातून आल्यावर पुन्हा लागतं. नागपूरकराला पंख्याची घरघर कानावर पडल्याशिवाय झोप येत नाही, मग बाहेर जानेवारी असो की मे. नाशिककर रात्री उशिरापर्यंत दिवा लावून अभ्यास करतो. आणि सातारकर? तो पहाटे व्यायाम करून थंड पाण्याने अंघोळ करतो आणि कडक इस्त्रीचा शर्ट घालून निघतो.

जानेवारीचं बिल आलं. नागपूरकर म्हणाला, "हा रत्नागिरीकर दोन-दोन वेळा गिझर लावतो. त्यानेच जास्त पैसे द्यायला पाहिजेत."

"आणि नाशिककर मध्यरात्रीपर्यंत दिवा जाळतो, त्याचं काय?" रत्नागिरीकर चिडला.

"तुम्हा सगळ्यांचे मोबाइल रात्रभर लटकलेले असतात ते दिसत नाही का रे?" नाशिककर म्हणाला.

सातारकर शांतपणे म्हणाला, "मी बारा महिने गार पाण्याने अंघोळ करतो. मी बिल भरायचंच कशाला?"

सांगा बरं, कोण खरं बोलतोय? वर्गात असा प्रश्न टाकला की निम्मी मुलं सातारकराच्या बाजूने हात वर करतात. घाई करू नका. आधी युनिट म्हणजे काय ते पाहू.

प्रत्येक विजेच्या वस्तूवर एक छोटी पट्टी असते. तिच्यावर वॅटचा आकडा छापलेला असतो. १,००० वॅटची वस्तू एक तास चालली की एक युनिट वीज खर्च होते. १०० वॅटची वस्तू दहा तास चालली तरीही एकच युनिट. बस्स, एवढंच. पाचवीतल्या मुलालाही जमेल असा गुणाकार आहे. मोठी माणसं तो न करताच भांडतात!

आता नाशिककराचा दिवा घ्या. एलईडी दिवा ९ वॅटचा. रोज पाच तास लावला तर महिन्याला दीड युनिटसुद्धा होत नाही. आणि मोबाइल? एका युनिटात चाळीसेक वेळा पूर्ण चार्ज होतो. म्हणजे ज्या दोन गोष्टींवरून आवाज चढले, त्या जवळजवळ काहीच खात नाहीत.

नागपूरकराचा पंखा साध्या जुन्या पद्धतीचा, ७५ वॅटचा. आठ तास चालला तर ६०० वॅट-तास, म्हणजे ०.६ युनिट. महिन्याला १८ युनिटं.

गिझरचा हिशेब जरा गंमतीचा आहे. एक लिटर पाणी एक अंश सेल्सिअसने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते, आणि एका युनिटात ८६० किलोकॅलरी असतात. नळाचं पाणी २० अंश आणि अंघोळीचं ४० अंश धरू. १५ लिटरची बादली म्हणजे १५ गुणिले २०, म्हणजे ३०० किलोकॅलरी. ३०० ला ८६० ने भागा. एका अंघोळीला सुमारे ०.३५ युनिट! महिन्याला साडेदहा. रत्नागिरीकर दोनदा अंघोळ करतो, त्याची २१ युनिटं झाली. नागपूरकर आणि नाशिककरही रोज एकदा गरम पाणी घेतात, त्यांची साडेदहा-साडेदहा.

राहता राहिला सातारकर. त्याची इस्त्री १,००० वॅटची. रोज अर्धा तास वापरली तर अर्ध्या युनिटापर्यंत वीज जाते. (इस्त्री तापली की मध्येमध्ये आपोआप बंद होते, म्हणून थोडी कमीच.) महिन्याला पंधरापर्यंत युनिटं. त्याची इस्त्री रोजच्या एका गरम अंघोळीपेक्षा जास्त वीज खाऊ शकते!

आता बेरीज करा. नाशिककर सुमारे १२, सातारकर १५ पर्यंत, रत्नागिरीकर २१ आणि नागपूरकर साडेअठ्ठावीस. ज्याने आधी बोट दाखवलं, त्याचाच आकडा सगळ्यांत मोठा निघाला! पण त्याला हसू नका. जळणारा दिवा डोळ्यांना दिसतो, गिझरचा लाल ठिपका दिसतो; पंखा मात्र इतका सवयीचा असतो की तो चालू आहे हेच आपण विसरतो. आणि जिथे उष्णता तयार करायची असते, म्हणजे गिझर, इस्त्री, शेगडी, तिथे थोड्या वेळात खूप वीज लागते, हेही डोळ्यांना दिसत नाही.

तर मग आकड्यांप्रमाणे बिल वाटलं की झालं? तेवढं सोपं नाही. बिल हातात घ्या. महावितरणच्या बिलावर 'स्थिर आकार' नावाचा एक रकाना असतो. महिनाभर सगळे गावी गेले, एकही दिवा लागला नाही, तरी ही रक्कम द्यावीच लागते. ती जोडणी असल्याची रक्कम आहे, वापराची नाही. मग ती चौघांत सारखी वाटली पाहिजे, नाही का? सातारकराचं 'मी बिल का भरू' इथेच संपतं. 'वीज आकार' आणि 'वहन आकार' मात्र युनिटांवर मोजतात, ते ज्याच्या त्याच्या युनिटांप्रमाणे वाटता येतात.

पुढचा पेच मला फार आवडतो. घरगुती विजेचे टप्पे असतात. महावितरणच्या बिलात पहिल्या १०० युनिटांना एक दर, १०१ ते ३०० ला त्याहून जास्त, ३०१ ते ५०० ला आणखी जास्त आणि ५०० च्या पुढे सगळ्यांत जास्त. (पुष्कळ लोकांना वाटतं, शंभराच्या पुढे एक युनिट गेलं की सगळ्याच युनिटांना महाग दर लागतो. तसं नसतं. फक्त शंभराच्या पुढच्या युनिटांनाच तो लागतो.) आता आपल्या चौघांनी जुना फ्रिज आणला आणि आकडा शंभराच्या पुढे गेला. तर मग ते महागडं १०१ वं युनिट कुणाचं? शेवटी गिझर लावणाऱ्याचं? की फ्रिजमध्ये दही ठेवणाऱ्याचं? विजेवर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं. माझ्या मते अशा वेळी सगळ्या युनिटांचे पैसे एकत्र करून सरासरी दर काढावा आणि तोच सगळ्यांना लावावा. तुम्हाला दुसरा मार्ग सुचला तर घरी मांडून पाहा, आईबाबांशी चांगला वाद होईल.

हा पेच एका अख्ख्या देशालाही पडला होता. जर्मनीत कित्येक मोठ्या इमारतींना तळघरातल्या एकाच भट्टीतून गरम पाणी जातं आणि प्रत्येक खोलीत लोखंडी पन्हाळ्यांसारखे तापक असतात. सगळ्यांचं इंधन एकच, मग कुणी किती द्यायचं? १९८१ साली तेव्हाच्या पश्चिम जर्मनीत याचा नियमच झाला. खर्चाचा ५० ते ७० टक्के भाग ज्याच्या त्याच्या वापराप्रमाणे आणि उरलेला घराच्या आकाराप्रमाणे वाटायचा. वापर मोजायला प्रत्येक तापकावर एक छोटं यंत्र बसवलेलं असतं. पूर्वी त्यात काचेची बारीक नळी असे. तापक जितका तापेल तितका नळीतला द्रव उडून जाई, आणि वर्षातून एकदा माणूस येऊन किती उडाला ते पाही. सगळाच खर्च वापराप्रमाणे का नाही वाटला? कारण शेजाऱ्याची खोली तापली की भिंतीतून तुम्हालाही ऊब मिळते, आणि जिन्यातून जाणाऱ्या नळांतून जी उष्णता वाया जाते ती कुण्या एकाची नसते.

आपल्या चौघांच्या पंख्याचंही तसंच आहे, फक्त उलटं! पंखा चालतो नागपूरकरासाठी, पण वारा लागतो सगळ्यांना. रत्नागिरीकर त्याच पंख्याखाली गोधडीत कुडकुडतो. पंख्याचे पैसे चौघांत वाटले, तर त्याने कुडकुडण्याचे पैसे द्यायचे का?

आणि रत्नागिरीकराला समजा दम्याचा त्रास असेल, गार पाणी त्याला चालतच नसेल तर? मीटरला हे कळत नाही. त्याची २१ युनिटं हौसेची की गरजेची, ते चौघांनी समोरासमोर बसून बोललं तरच कळेल. आजारी माणसाच्या गरम पाण्याची बादली बोटांवर मोजू नये, असं मला वाटतं. गिझर चालू ठेवून कॉलेजला निघून जाणं मात्र वेगळं. टाकीतलं पाणी निवतं, गिझर ते पुन्हा तापवतो, पुन्हा निवतं, आणि अंघोळ कुणाचीच होत नाही! टाकीच्या गिझरला तारे देताना हीच वाया जाणारी उष्णता पाहतात.

एक युक्ती सांगते. १५ लिटरची टाकी २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापायला २,००० वॅटच्या गिझरला वीस-बावीस मिनिटं लागतात. त्यात तेवढंच गार पाणी मिसळलं की ४० अंशांच्या दोन बादल्या होतात. म्हणजे दोघांनी एकापाठोपाठ अंघोळ केली आणि बटण बंद केलं, की टाकीत निवायला काही उरतच नाही. पहिला नंबर कुणाचा, एवढंच भांडण मग शिल्लक राहतं.

तुमच्या घरी हे सगळं डोळ्यांनी पाहता येईल. घरातल्या मोठ्या माणसाला बरोबर घ्या आणि मीटरपाशी जा. हात कशालाही लावायचा नाही, फक्त बघायचं. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो. एका युनिटाला तो किती वेळा लुकलुकतो, तो आकडा मीटरवरच छापलेला असतो. समजा तो ३,२०० आहे. मग नुसता २,००० वॅटचा गिझर चालू असेल तर दिवा मिनिटाला शंभराहून जास्त वेळा लुकलुकेल, मोजता मोजता तुम्ही दमाल. नुसता ७५ वॅटचा पंखा असेल तर मिनिटाला चार वेळा. आणि ९ वॅटचा एकच दिवा असेल तर? दोन मिनिटं टक लावून बसा, तेव्हा कुठे एकदा!

मग घरातलं सगळं बंद करायला सांगा. फ्रिजसुद्धा, पाचच मिनिटं. तरीही तो लाल दिवा लुकलुकतच असेल, तर घरात परत जा आणि कोण जागं आहे ते शोधून काढा. बहुतेक टीव्हीखालचा सेट-टॉप बॉक्स सापडेल.