माझी आई ‘आशा’ आहे

‘आशा’ हे बाईचे नाव नसून काम आहे, हे माझ्या वर्गातील पुष्कळांना ठाऊक नव्हते; म्हणून हा लेखनप्रपंच.

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि साधारण हजार वस्तीमागे एक आशा नेमण्याचे ठरले. ती त्याच गावची असावी, ही अट. प्रशिक्षण टप्प्याटप्प्याने होते. त्यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग तान्ह्या बाळाचा. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत आशा सहा वेळा घरी जाते. वजन करते, ताप पाहते, श्वास मोजते. श्वास पुरे एक मिनिट मोजायचे; घाई चालत नाही. साठ किंवा त्याहून जास्त भरले तर पुन्हा मोजायचे, आणि पुन्हा तेच आले तर दवाखाना गाठायचा. आई शिकत होती तेव्हा माझी बहीण तान्ही होती. तिच्या पोटावर नजर ठेवून आई आकडे म्हणे, मी घड्याळ धरी.

गावच्या बाया हे करू शकतात, हे गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी दाखवून दिले. १९९९ साली ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले.

मात्र सरकारदरबारी आशा ही स्वयंसेविका. तिला पगार नाही, मोबदला आहे. २०११ साली या सगळ्या भेटींचे मिळून अडीचशे रुपये ठरले.

शिष्यवृत्तीच्या अर्जात आईच्या नावापुढे मी ‘नोकरी’ लिहिले होते. आईनेच ते खोडायला लावले.