बेडक्याची पारख

छत्रपती संभाजीनगरच्या गारखेड्यातला कोणी दोन आठवड्यांहून अधिक खोकू लागला, की मग तो घाटीत, म्हणजे 1956 साली स्थापन झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात जावो वा घराजवळच्या दवाखान्यात, क्षयाच्या शंकेने त्याच्या हाती झाकणाची डबी द्यावी आणि एक नमुना जागीच, दुसरा पहाटेचा मागवावा, असा शिरस्ता आहे. चूळ भरून, दीर्घ श्वास घेऊन, छातीच्या तळातून खोकून काढलेला बेडका तेवढा ग्राह्य. नुसती लाळ बहुधा निरुपयोगी. या तपासणीचे सारे लक्ष रॉबर्ट कॉख याने 1882 साली दाखवून दिलेल्या जंतूकडे असते. सबब भोवतीचा श्लेष्मा तिला अडसरच वाटतो, आणि जनुकीय चाचणीपूर्वी तो रसायन घालून पातळ केला जातो.

परंतु ज्या संशोधकाला त्या श्लेष्म्याचेच भौतिक गुणधर्म हवे आहेत, त्याला हे पातळ करणे म्हणजे पुरावाच नष्ट करणे होय. निरोगी श्वासनलिकेतील श्लेष्म्यात शेकडा सत्त्याण्णवांच्या आसपास पाणीच असते. उरलेल्या अल्पांशातील म्युसिन नावाच्या लांबलचक रेणूंच्या जाळ्यामुळे तो धड द्रव नाही, धड घन नाही, असा होतो. पाकाची तार ताणली की तुटते. याची तार ताण सुटताच मागे ओढली जाते. घनांश वाढला, की सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलणाऱ्या सूक्ष्म रोमांना तो घशाकडे ढकलवेनासा होतो; जुनाट श्वासनलिकादाहात असेच घडते.

म्हणून नमुना घेण्यातच खरी कसोटी आहे. लाळ मिसळली तर चिकटपणा खोटा ठरतो, उघडा राहिला तर पाणी उडून घट्टपणा वाढतो, आणि उबेत ठेवला तर पांढऱ्या पेशींतून स्रवलेली विकरे रेणूंचे जाळे तोडतात. तेव्हा झाकण आणि बर्फ यांची तजवीज आधीच हवी. निरोगी माणसाला तर बेडका पडतच नाही. त्याला तीव्र मिठाच्या पाण्याचे तुषार हुंगवून खोकवता येते. पण त्याने श्लेष्म्यात पाणी ओढले जाते, म्हणजे मोजावयाची वस्तूच बदलते. हा दोष टाळण्यासाठी, फुप्फुसविकार नसलेल्या व अन्य शस्त्रक्रियेसाठी भूल दिलेल्या रुग्णांच्या श्वासनलिकेतून काढलेली, एरव्ही टाकून दिली जाणारी नळी त्यांच्या संमतीने घेतात आणि तिला चिकटलेला थर गोळा करतात. तो इतका थोडा भरतो, की मापकयंत्राच्या दोन चकत्यांमध्ये तो पुरत नाही. तेव्हा त्यात मायक्रोनभर व्यासाचे मणी सोडून, त्यांच्या सूक्ष्म थरथरीवरून त्याचा घट्टपणा काढतात.