चौथीचा निरोप



वार्षिक परीक्षा संपून निकालाचा दिवस उजाडला म्हणजे प्राथमिक शाळेंत जें दृश्य दिसतें, तें आपणांपैकीं बहुतेकांनीं पाहिलें असेल. एप्रिलचा शेवट किंवा मे महिन्याची पहिली तारीख, सकाळची शाळा, धुतलेले कपडे घालून आलेलीं मुलें, कोणाच्या हातांत नारळ, कोणाच्या हातांत पेढ्यांचा पुडा. गुरुजी टेबलाशीं उभे राहतात, प्रगतिपत्रकें वांटतात, चार शब्द बोलतात, आणि घंटा होते. पांच मिनिटांत वर्ग रिकामा! या चार शब्दांविषयींच मला आज बोलावयाचें आहे. सदतीस वर्षांच्या नोकरींत मीं ते अनेकदां उच्चारले, आणि पहिलीं कांहीं वर्षें ते चुकीचे उच्चारले, असें आतां वाटतें.

मोठ्या शाळेंतील निरोपसमारंभाची गोष्ट वेगळी. तेथें विद्यार्थी स्वतः भाषणें करतात, छायाचित्र काढवितात, आणि एकमेकांना भेटत राहण्याचें वचन देतात. दहा वर्षांच्या मुलाला यांतलें कांहींच साधत नाहीं. शिवाय प्राथमिक शाळेंत एकच शिक्षक सकाळपासून सायंकाळपर्यंत सर्व विषय शिकवितो. दोनशिक्षकी शाळेंत तर तेच गुरुजी पहिलीपासून चौथीपर्यंत मुलांच्या सोबत असतात. कोणतें मूल उपाशीं आलें आहे, कोण फळा दिसत नाहीं म्हणून शेजाऱ्याच्या वहींतून उतरून घेतो, कोणाला मोठ्यानें वाचावयास सांगितलें कीं घाम फुटतो, हें त्या एका माणसाला ठाऊक असतें. पांचवींत गेल्यावर प्रत्येक घंटेला शिक्षक बदलतो. मुलाला नवे शिक्षक अनेक मिळतात. पण आपल्याविषयीं सर्व कांहीं जाणणारें माणूस मात्र त्याच्या हातून सुटतें. शहरांत प्राथमिक व माध्यमिक विभाग पुष्कळदां एकाच आवारांत असल्यामुळें घरच्या मंडळींना हा बदल जिना चढण्याइतका सोपा वाटतो. निकालाच्या दिवशीं मूल उगाच चिडलें किंवा न जेवतां झोपलें, तर आपण त्याच्या गुणांत कारण शोधूं लागतों. तें कारण बहुधा तेथें नसतें.

खेड्यांत हा उंबरठा अधिक उंच आहे. २००९ सालच्या शिक्षणहक्क कायद्यानें पहिली ते आठवी हें सर्व प्राथमिक शिक्षण एकच धरलें. परंतु आपल्याकडील जुनी घडी पहिली ते चौथी अशी असल्यामुळें अनेक लहान गांवांतील शाळा अजूनही चौथीलाच संपते. पुढची शाळा शेजारच्या गांवीं. मध्यें ओढा, रान, किंवा मोठा रस्ता. म्हणून तेथें चौथीचा निरोप हा केवळ गुरुजींचा निरोप नसतो. एखाद्या मुलीच्या बाबतींत तो शाळेचाच निरोप ठरतो.

या दिवशीं शाळा मुलाच्या हातीं कोणती शिदोरी देते, तेंही पाहूं. एक शाळा सोडल्याचा दाखला. त्यांत जनरल रजिस्टरचा क्रमांक असतो, जन्मतारीख आंकड्यांत आणि अक्षरांत असते, वर्तणुकीपुढें ‘चांगली’ असा शब्द असतो. (वर्तणूक ‘वाईट’ असलेला दाखला माझ्या पाहण्यांत कधींच आला नाहीं. आणि जन्मतारखेविषयीं काय बोलावें! आमच्या पिढींत निम्मा वर्ग १ जूनला जन्मलेला असे. नांव घालतांना घरच्यांना तारीख सांगतां येत नसे, आणि जूनमध्यें सहा वर्षें पुरीं व्हावयास हवीं असत. तेव्हां गुरुजीच मुलाला जन्म देऊन मोकळे होत.) दुसरें प्रगतिपत्रक. २०१० पासून आपल्या राज्यांत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झालें आणि गुणांबरोबर वर्णनात्मक नोंदी लिहावयाच्या ठरल्या. कल्पना उत्तम होती. परंतु लौकरच अशा नोंदींच्या छापील पुस्तिका बाजारांत आल्या, आणि ‘स्वच्छतेची आवड आहे’, ‘गटकार्यांत सहभाग घेतो’ हीं वाक्यें एका वहींतून दुसऱ्या वहींत उतरूं लागलीं. मींही उतरलीं आहेत. तें नाकारण्यांत अर्थ नाहीं. जें गुरुजींना खरोखर माहीत असतें, तें या दोन्ही कागदांत येत नाहीं.

आतां माझी चूक सांगतों. १९८४ सालीं मी एका लहान गांवीं होतों. निकालाच्या दिवशीं मीं चौथीच्या वर्गापुढें जोरदार भाषण केलें: खूप शिका, मोठे व्हा, शाळेचें नांव काढा. मुलांनीं टाळ्या वाजविल्या. मग पुस्तकपेढीचीं पुस्तकें परत घेण्याचें काम सुरू झालें. एका मुलीनें आपलीं पुस्तकें वर्तमानपत्राचीं वेष्टनें घालून अगदीं कोरीं राखिलीं होतीं. सर्व टेबलावर ठेवून झाल्यावर तिनें भाषेचें पुस्तक पुन्हां उचललें आणि म्हणाली, “गुरुजी, हें एक मी ठेवूं का?”

मी म्हणालों, “अग, पुस्तकपेढीचें आहे तें. तुला आतां पांचवीचें नवें मिळेल कीं!”

ती कांहीं बोलली नाहीं. पुस्तक ठेविलें आणि गेली. जूनमध्यें शाळा उघडल्यावर कळलें कीं, तिचें नांव पांचवींत घातलेंच नाहीं. शाळा तीन किलोमीटरवर, त्या वाटेला तेव्हां एस्. टी. नव्हती, आणि घरीं धाकटें भावंड सांभाळावयाचें होतें. हें तिला एप्रिलमध्येंच ठाऊक होतें. मला ठाऊक नव्हतें, कारण मीं विचारलें नव्हतें. ‘खूप शिका’ हें वाक्य तिनें माझ्यासमोर बसून शांतपणें ऐकलें होतें.

त्यानंतर मीं भाषण करणें सोडलें. फेब्रुवारींतच चौथीच्या प्रत्येक घरीं जाऊन मी एकच प्रश्न विचारूं लागलों: जूनमध्यें मूल कोठें जाणार? उत्तर देतांना आई पतीकडे पाहूं लागली किंवा वडील ‘बघूं’ म्हणाले, म्हणजे काम आहे असें समजावें. आजच्या शिक्षकाला साधनेंही अधिक आहेत. मागितल्याबरोबर दाखला देणें मुख्याध्यापकावर कायद्यानें बंधनकारक आहे, आणि दाखला नाहीं या सबबीवर दुसऱ्या शाळेला प्रवेश अडवितां येत नाहीं. पांचवीपासून पुढच्या ग्रामीण मुलींना शाळेसाठीं एस्. टी.चा विनामूल्य पास मिळतो. त्याला अहिल्याबाई होळकरांचें नांव आहे. परंतु हें त्या घराला कोणीतरी उंबऱ्याशीं बसून सांगावें लागतें. भिंतीवरील सूचना ज्यांच्यासाठीं असते, त्यांना ती पुष्कळदां वाचतां येत नाहीं.

निकालाच्या दिवशीं मी प्रत्येक मुलाला जवळ बोलावून एकच गोष्ट सांगत असें, आणि ती त्याचीच असे. तुझें अक्षर आतां मला ओळखतां येतें. तूं भांडण सोडवितोस तें मीं पाहिलें आहे. वजाबाकींत हातचा विसरतोस, तेवढा जप. याला तास-दीड तास लागे, आणि बाहेर उभे असलेले पालक चुळबूळ करीत.

मग जूनच्या पहिल्या दिवशीं मी मुलांना घेऊन पुढच्या शाळेंत चालत जाई. दाखले माझ्या पिशवींत असत. तेथील वर्गशिक्षकांना बाजूला घेऊन मी कागदावर नसलेलें सांगे: ह्याला पहिल्या बांकावर बसवा, डोळे तपासून घ्यावयाचे आहेत, हिला पहिल्या आठवड्यांत मोठ्यानें वाचावयास सांगूं नका, ह्याचे वडील ऊसतोडीला जातात, दिवाळीनंतर हा दिसेनासा झाला तर नांव कमी करण्यापूर्वीं मला निरोप धाडा. कांहीं शिक्षक हें लिहून घेत, कांहीं नुसते हंसत. मुलें तोंवर नव्या वर्गाच्या दाराशीं दाटीवाटीनें उभीं असत. घंटा झाली कीं तीं आंत जात, आणि मी शाळा भरावयाच्या आंत परत पोंचावें म्हणून ओढ्याच्या वाटेनें निघत असें.