सर्व्हर त्यांचा, डेटा आपला

10 मार्च 2021. फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहरात मध्यरात्र उलटल्यावर ओव्हीएचक्लाउड या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. पाच मजली इमारत पहाटेपर्यंत जळून गेली, शेजारच्या इमारतीचाही काही भाग गेला. जीवितहानी झाली नाही, पण असंख्य वेबसाइट्स बंद पडल्या. 'रस्ट' या ऑनलाइन खेळाच्या युरोपातल्या 25 सर्व्हरांवरची माहिती कायमची गेली. काही ग्राहकांनी तर बॅकअपचे वेगळे पैसे भरले होते, तरीही त्यांच्या हाती काही लागलं नाही. कारण मूळ डेटा आणि त्याचा बॅकअप एकाच इमारतीत होते.

आज आपल्याकडचे व्यापारी, कारखानदार, डॉक्टर, शाळा असे सगळेच क्लाउडवर जात आहेत. जायलाही हवं. पण "आता आपल्याला काही बघायला नको" या समजुतीने कुणी जाऊ नये. क्लाउड घेतला की यंत्रं सांभाळण्याची कटकट जाते. डेटाची जबाबदारी मात्र धंद्याच्या मालकाकडेच राहते. बहुतेक गैरसमजांचं मूळ ही गोष्ट विसरण्यात आहे.

क्लाउडवर आहे, म्हणजे बॅकअप आहेच

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. हिशेबाचं फोल्डर गूगल ड्राइव्हशी जोडलेलं असतं आणि मालक निर्धास्त असतो. पण ते सिंक असतं, बॅकअप नव्हे. कॉम्प्युटरवर जे घडतं तेच वरही घडतं. अकाउंटंटच्या हातून फोल्डर डिलीट झालं, तर ते वरूनही उडतं. ट्रॅशमध्ये 30 दिवस सापडतं, मग तिथूनही जातं. मार्चअखेर हिशेब जुळवताना जूनमधली फाइल नाहीशी झाल्याचं कळलं, तर तोवर ट्रॅश रिकामा झालेला असतो. रॅन्समवेअरने फाइली कुलूपबंद केल्या, तर सिंक त्या कुलूपबंद फाइलीच इमानेइतबारे वर चढवतं.

खरा बॅकअप कसा असतो, ते ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाने दाखवलं. मे 2024 मध्ये गूगल क्लाउडकडून सेटिंगमध्ये चूक झाली आणि फंडाची तिथली यंत्रणाच पुसली गेली. सभासद सहा लाखांहून अधिक. काही दिवस त्यांना आपलं खातं उघडता येईना. पण एक बॅकअप दुसऱ्याच कंपनीकडे ठेवलेला होता. यंत्रणा पुन्हा उभी करताना तो कामी आला.

सुरक्षेचं कंपनी बघून घेईल

क्लाउड कंपन्यांच्या करारात जबाबदारीची वाटणी स्पष्ट लिहिलेली असते. इमारत, वीज, यंत्रं, नेटवर्क त्यांच्याकडे. पासवर्ड, परवानग्या, सेटिंग आणि डेटा आपल्याकडे. 2019 मध्ये अमेरिकेतल्या कॅपिटल वन बँकेच्या सुमारे 10 कोटी अमेरिकी आणि 60 लाख कॅनेडियन ग्राहकांची माहिती ॲमेझॉनच्या क्लाउडवरून चोरीला गेली. चोराला वाट मिळाली ती बँकेच्याच बाजूला चुकीच्या पद्धतीने सेट केलेल्या फायरवॉलमधून. 2014 मध्ये कोड स्पेसेस या कंपनीच्या क्लाउड खात्याचा ताबा हल्लेखोराने मिळवला आणि डेटा व बॅकअप बहुतांशी पुसून टाकले. कंपनीला कायमचं टाळं लागलं.

आपल्याकडे एवढं मोठं काही घडावं लागत नाही. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं लॉगिन चालू राहतं, सगळ्या ऑफिसात मिळून एकच पासवर्ड असतो, ओटीपीची दुसरी पायरी कुणी चालूच केलेली नसते. चोराला एवढं पुरतं.

त्यापेक्षा आपल्या ऑफिसातला सर्व्हर बरा

हे दुसरं टोक झालं. 26 जुलै 2005 पाहिलेल्या मुंबईकराला किंवा 2021 चा पूर सोसलेल्या चिपळूणकराला तळमजल्यावरच्या सर्व्हरचं वेगळं सांगायला नको. दक्षिण कोरियात तर सरकारच्या स्वतःच्या डेटा सेंटरला सप्टेंबर 2025 मध्ये आग लागली आणि कर्मचाऱ्यांच्या फाइलींचा 858 टेराबाइट साठा गेला. त्याची प्रत बाहेर कुठेच नव्हती. सर्व्हर स्वतःचा की भाड्याचा, हा पुढचा प्रश्न. दुसरी प्रत दुसऱ्या जागी आहे का, हा पहिला.

क्लाउड म्हणजे स्वस्त

मागणी कमीजास्त होत असेल, तर क्लाउड परवडतो. दिवाळीच्या पंधरवड्यात गर्दी होणाऱ्या ऑनलाइन दुकानाला वर्षभर मोठी यंत्रं पोसायला नकोत. पण काम बारमाही एकसारखं असेल, तर गणित उलटू शकतं. ड्रॉपबॉक्सने ॲमेझॉनवरचा बहुतेक साठा स्वतःच्या यंत्रांवर हलवला आणि दोन वर्षांत सुमारे साडेसात कोटी डॉलर वाचल्याचं जाहीर केलं. लहान धंद्यात बिल फुगतं ते बारीकसारीक गोष्टींनी: सर्व्हर बंद केला तरी त्याच्या डिस्कचं भाडं चालू राहतं, डेटा बाहेर काढायलाही बहुधा पैसे पडतात. खर्चाची मर्यादा ठरवून अलर्ट लावायची सोय मोठ्या क्लाउड कंपन्या देतात. ती पहिल्याच दिवशी वापरावी.

डेटा कुठे आहे, याने काय फरक पडतो?

पडतो. मायक्रोसॉफ्टचं डेटा केंद्र 2015 पासून पुण्यात आहे, ॲमेझॉनचं 2016 पासून आणि गूगलचं 2017 पासून मुंबईत. पण सर्व्हर घेताना 'रीजन' आपण निवडायचा असतो, आणि न बघता पुढे गेलं तर डेटा परदेशात जाऊ शकतो. कंपनी म्हणून नोंदणी असेल, तर कंपन्यांच्या हिशेबाच्या नियमांतल्या 2022 च्या दुरुस्तीनुसार इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्यांचा बॅकअप रोजच्या रोज भारतातल्या सर्व्हरवर ठेवणं बंधनकारक आहे. आपला बॅकअप कुठे राहतो, हे सॉफ्टवेअरवाल्याला विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

लक्ष्मीपूजनाला आपण वह्यांची पूजा करतो. बहुतेकांच्या वह्या आता कॉम्प्युटरमध्ये आहेत. त्या आठवड्यात एक काम जरूर करा: दुसऱ्याच कॉम्प्युटरवर, फक्त बॅकअपमधून, गेल्या वर्षीचा हिशेब उघडून बघा. ताळेबंद जुळला, तर तुमचा बॅकअप खरा. नाही जुळला, तर दुरुस्तीला अजून वेळ आहे. आग लागल्यावर किंवा पूर आल्यावर तो मिळत नाही.